घराचा विमा : भाव जागेचा नाही, बांधकामाचा

अणदूरला सोलापूर-हैदराबाद हायवेलगत घर असलेल्याला विचारा, विमा किती रुपयांचा काढणार? तो आधी गुंठ्याचा भाव सांगेल. गफलत इथूनच सुरू होते. विमा इमारतीचा असतो. जागा जळत नाही की पडत नाही. हिशेब साधा आहे : चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा आजचा दर. समजा ८०० चौरस फूट आणि फुटाला १,८०० रुपये, म्हणजे १४ लाख ४० हजार. त्यात प्लॉटची किंमत मिसळली तर हप्ता फुकट वाढतो. हप्ता वाचवायला दर कमी दाखवला, तर घर पडल्यावर तेवढ्यात भिंतीही उभ्या राहत नाहीत.

‘इमारत’ म्हणजे नुसत्या चार भिंती आणि स्लॅब, असंही नाही. कंपाऊंडची भिंत, गेट, पाण्याची टाकी, सोलर, वायरिंग, बसवलेली संडास-बाथरूमची भांडी हे सगळं त्यात येतं.

‘भूकंपाचं कुणी देत नाही’ हे तर आपल्या भागात हमखास ऐकू येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर पट्ट्यात दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचा भार माणसांवर कोसळला, म्हणून भूकंपाची भीती खोटी नाही. भूकंपासाठी पूर्वी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागे, हेही खरं. पण १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सर्वसाधारण विमा कंपन्यांसाठी ठरवून दिलेली पॉलिसी आहे. तिच्यात आग, वीज, वादळ, पूर यांच्यासोबत भूकंप मुळातच आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. दागिने मात्र त्यात नाहीत. ते वेगळे नोंदवावे लागतात. वर्षानुवर्षं ओल धरून फुगलेल्या भिंतीचेही पैसे मिळत नाहीत.

‘सरकार देतंच की!’ देतं, पण किती? केंद्राच्या २०२२-२६ च्या आपत्ती निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये आहेत. पक्कं घर किमान १५ टक्के पडलं असेल, तर ६,५०० रुपये. आज एवढ्यात पत्रेही धड होत नाहीत.

गृहकर्ज असेल तर बँकेने कापलेला हप्ता कशाचा, हे विचारा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो, घराचा नाही.

आणि पुढच्या खोलीत किराणा दुकान असेल, तर ते अर्जात लिहाच. ‘भारत गृह रक्षा’ राहत्या घरासाठी आहे. दुकानासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ वेगळी घ्यावी लागते.