संत रस्त्यावर येतात तो सोमवार

प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारी कॅथलिक चर्चमधले संत जांभळ्या कापडाआड जातात. जुनी रीत आहे ती. ईस्टर दोन आठवड्यांवर आलेला असतो, सगळं लक्ष येशूच्या दुःखभोगाकडे लागावं म्हणून क्रूस आणि मूर्ती झाकून ठेवायच्या. आणि नेमक्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तिसवाडीतल्या गोवा वेल्हा गावात तीसेक संत लोकांच्या खांद्यांवरून रस्त्यावर येतात. 2024 साली हा सोमवार 18 मार्चला आला, 2025 साली 7 एप्रिलला. ईस्टर सरकेल तसा तोही सरकतो. कोंकणीत याला ‘संतांचें पुर्सांव’ म्हणतात. पोर्तुगीज ‘प्रोसिसांव’ गोव्याच्या जिभेवर घासून घासून ‘पुर्सांव’ झाला.

गोवा वेल्हा म्हणजे जुने गोवे नव्हे. मोठमोठ्या चर्चांचं, सेंट झेवियरच्या शवाचं जुने गोवे मांडवीकाठी. हे गाव झुआरीच्या बाजूला, पणजीहून मडगावला जाणाऱ्या जुन्या वाटेवर. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी, 11व्या शतकात, कदंबांची राजधानी गोपकपट्टण इथे होती. बंदर गाळाने भरत गेलं, वैभव सरलं, नाव तेवढं उरलं. गावालगतच्या पिलारच्या टेकडीवर 1613 साली फ्रान्सिस्कन संन्याशांनी मठ बांधला, आणि पुर्सांवाचं मूळ त्या मठात आहे.

अधिक नेमकं सांगायचं तर ते मठवासीयांपेक्षा त्यांच्याभोवती जमलेल्या गृहस्थांत आहे. असिसीच्या फ्रान्सिसने उभा केलेला पहिला संघ पुरुष संन्याशांचा, दुसरा क्लाराच्या संन्यासिनींचा, आणि तिसरा घरसंसार सांभाळून त्याच वाटेने जाऊ पाहणाऱ्यांचा. या तिसऱ्या संघाने 17व्या शतकात ही मिरवणूक सुरू केली. गोव्यात तेव्हा पैसा होता, चैन होती, आणि तिच्यासोबत येणारा सैलपणाही होता. उपदेश ऐकायला चर्चमध्ये न येणाऱ्यांच्या दारावरून संतांनाच न्यावं, असा तो विचार.

या संघाने आपले म्हणून मानलेले संत पाहावेत. लुई, फ्रान्सचा राजा. एलिझाबेथ, हंगेरीची राजकन्या, विशीत विधवा झाली आणि रोग्यांची सेवा करत चोविसाव्या वर्षी गेली. ईव्हो हा ब्रिटनीतला वकील, गरिबांचे खटले फुकट लढवणारा. रोक प्लेगच्या रोग्यांत वावरला आणि स्वतः आजारी पडला. त्याच्या मांडीवरची गाठ आणि तोंडात भाकरी धरलेला कुत्रा शिल्पकार कधी विसरत नाहीत. राजा, विधवा, वकील, वाटसरू. यांतल्या कुणीही मठाची भिंत ओलांडून आत गेल्यामुळे संतपद मिळवलेलं नाही. आपल्यासारख्याच व्यापात राहून चांगलं जगता येतं, हे सांगायला दुसरं काय लागतं?

‘रोम सोडलं तर अशी मिरवणूक फक्त इथंच,’ असं दरवर्षी बातम्यांत येतं. मला ते वाक्य अपुरं वाटतं. पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्येही हा तिसरा संघ राखेच्या बुधवारी आपल्या संतांना मिरवत असे. गोवा वेल्ह्याचं मोल ते एकमेव असण्यात नाही, टिकून राहण्यात आहे. कारण ते सहज टिकलेलं नाही. 1834 साली पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले, पुढच्या वर्षी गोव्यातले मठ ओस पडले. पूर्वी 65 मूर्ती निघत, असं सांगतात. त्यांतल्या कित्येक त्या पडझडीत गेल्या. 19व्या शतकाच्या अखेरीस उरलेल्या गोळा करून, डागडुजी करून मिरवणूक पुन्हा उभी राहिली. संन्यासी गेले तरी संत गावाकडे राहिले.

मूर्ती पुरुषभर उंचीच्या, आणि अंगावर खरे कापडी पोशाख. नेसवायच्या अशा मूर्तींची पोर्तुगीज पद्धत अशी की कोरीव काम चेहऱ्याला, हातापायांना. वस्त्राखाली बहुधा लाकडी सांगाडा. म्हणजे शिल्पकाराइतकंच शिंप्याचंही काम त्यात असतं. झगे झटकायचे, जर सांभाळायची, डोक्यावरचा मुकुट घट्ट बसवायचा. हे काम इतकं घरगुती आहे की मला ते मिरवणुकीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

संध्याकाळी सेंट अँड्र्यू चर्चसमोर मोकळ्यावर मिस्सा होतो, मग एकेक संत निघतो. मराठी वाचकाला संतांच्या पालख्या नव्या नाहीत. पण ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका विठ्ठलाला भेटायला पंढरपूरपर्यंत चालत जातात. इथल्या संतांना कुठेच पोचायचं नसतं. ते गावातून फिरतात आणि जिथून निघाले तिथेच परत येतात. भेटायचं असतं ते घरांना, दारात मेणबत्ती घेऊन उभ्या राहिलेल्यांना.

बाहेर जत्रा भरते. खाजं, लाडू, चणे, आणि या फेस्ताची खास ओळख असलेले रंगीबेरंगी हातपंखे. बांबूच्या कामट्यांचे हे पंखे उन्हाळ्याच्या तोंडावर पूर्वी घरोघर लागत. आता वीज आहे, तरी लोक ते घेतात.

परतलेल्या मूर्ती लगेच आत जात नाहीत, दर्शनासाठी ठेवतात. मुलं घेऊन आलेली माणसं एकेका संतापाशी थांबतात. नाव लक्षात नसलं तर वस्तूवरून ओळख पटवतात. हा मुकुटवाला, ही गरिबांना भाकरी देणारी, आणि तो बघ, कुत्रा आहे ना, तो रोक.