युनिक्स शेलमधील टर्मिनल-प्रदर्शनाचे बिघाड : कारणे व निदान

प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात काही वर्षांपूर्वी घडलेला एक प्रसंग येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. एका विद्यार्थ्याने ‘कॅट’ ही आज्ञा मजकुराच्या फाइलऐवजी चुकून संकलित प्रोग्रॅमच्या फाइलवर चालवली. तत्क्षणी पडद्यावरील छोटी रोमन अक्षरे नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी रेघा व चौकटींचे कोपरे उमटू लागले. मी घाईने ती खिडकी बंद करावयास सांगितले. त्याच खिडकीतून पार्श्वभूमीवर तासाभरापासून एक गणन चालू होते. खिडकी बंद होताच शेलने आपल्या सर्व कामांना ‘हँगअप’ संकेत पाठवला आणि ते गणनही संपुष्टात आले. वस्तुतः यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. दोन शब्द टंकून पडदा पूर्ववत झाला असता. असा प्रसंग अध्यापकांपुढे वारंवार येतो. त्यामागील कार्यकारणभाव स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तीन घटक, तीन स्मृती

युनिक्समध्ये पडद्यावर अक्षर उमटण्याच्या क्रियेत तीन घटक सहभागी असतात : अक्षरे रेखाटणारे टर्मिनल, मधला कर्नेलमधील टीटीवाय हा भाग, आणि शेल किंवा अन्य प्रोग्रॅम. टीटीवाय हे नावच मुळी टेलेटाइप या टंकयंत्रावरून आले आहे. आज टर्मिनल म्हणजे एक खिडकी असली तरी तिचे वर्तन डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये आणलेल्या व्हीटी-१०० या यंत्राच्या वळणावर चालते. प्रत्येक घटक आपापली स्थिती स्मरणात ठेवतो : टर्मिनल चिन्हसंच व रंग, कर्नेल टंकलेले अक्षर परत दाखवावे की नाही, आणि शेल कर्सर कोणत्या घरात आहे ते. या स्मृतींमध्ये विसंगती आली की पडदा बिघडलेला दिसतो. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसून ‘कोणाची स्मृती चुकली?’ हा असावा.

वर वर्णिलेल्या प्रसंगात चूक टर्मिनलच्या स्मृतीत होती. मजकूर व नियंत्रणचिन्हे एकाच प्रवाहातून येतात. त्या फाइलमध्ये योगायोगाने १४ क्रमांकाचे नियंत्रणचिन्ह किंवा एस्केप या २७ क्रमांकाच्या चिन्हाने सुरू होणारा एखादा क्रम आला, की टर्मिनल पर्यायी चिन्हसंचाकडे वळते. या संचात छोट्या रोमन अक्षरांच्या जागी रेघा असतात; मोठी अक्षरे व अंक मात्र शाबूत राहतात. एवढ्या खुणेवरूनच निदान करता येते. आज्ञा पूर्वीप्रमाणेच चालत असतात, फक्त त्या वाचता येत नाहीत. न दिसताही ‘रीसेट’ हा शब्द रोमन लिपीत टंकून एंटर दाबावे. ‘क्लिअर’ या आज्ञेवर विसंबू नये. ती पडदा पुसते, पण चिन्हसंच बदलत नाही.

याउलट टंकलेली अक्षरे दिसत नाहीत, पण आज्ञेचे फलित उमटते, किंवा फलिताच्या ओळी जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे उजवीकडे सरकत जातात, तेव्हा दोष कर्नेलमधील मांडणीत असतो. टेलेटाइपवर कागद एक ओळ वर सरकवणे आणि मुद्रणशीर्ष डावीकडे परत आणणे या दोन स्वतंत्र क्रिया होत्या. युनिक्समधील प्रोग्रॅम ओळीअखेर केवळ पहिलीचे चिन्ह पाठवतात. दुसरीचे चिन्ह कर्नेल जोडतो. एखादा संपादक ही सोय तात्पुरती बंद करतो आणि त्याला मध्येच सक्तीने थांबवले तर ती बंदच राहते. अशा वेळी कंट्रोल-जे दाबून आधीची अर्धवट ओळ संपवावी, ‘एसटीटीवाय सेन’ ही आज्ञा टंकावी व पुन्हा कंट्रोल-जेच दाबावे. एंटरची कळ १३ क्रमांकाचे चिन्ह पाठवते व एरवी कर्नेल त्याचे १० क्रमांकात रूपांतर करतो. तेच बंद असल्यास एंटर निरुपयोगी ठरू शकते. कंट्रोल-जे थेट १० पाठवते.

पडदा पूर्णतः गोठल्यास आधी कंट्रोल-क्यू दाबून पाहावे. ‘सेव्ह’च्या सवयीने कंट्रोल-एस दाबले गेले असेल, तर प्रवाह केवळ थांबवलेला असतो. प्रयोगशाळेतील कित्येक ‘हँग’ एवढ्यावर सुटतात!

शेलची गणना

लांब आज्ञा टंकताना ती पुढील ओळीवर न जाता त्याच ओळीवर, प्रॉम्प्टवरच उमटू लागते, ही तक्रार रंगीत प्रॉम्प्टची हौस असणाऱ्यांकडून हमखास येते. लाल रंग सुरू करणारा क्रम पाच चिन्हांचा व रंग पूर्ववत करणारा चार चिन्हांचा असतो. ही नऊ चिन्हे पडद्यावर जागा व्यापत नाहीत. पण तसे सांगितले नसेल तर बॅश शेल ती मोजतो. परिणामी ८० घरांच्या ओळीत ७१ घरे भरताच ओळ संपली असे तो समजतो. उपाय असा, की प्रॉम्प्टच्या व्याख्येत अशा प्रत्येक क्रमाभोवती चौकटी कंस घालावेत व दोन्ही कंसांपूर्वी उलटी तिरकी रेघ द्यावी. खात्रीसाठी प्रॉम्प्ट क्षणभर साधा करून पाहावा; दोष नाहीसा झाला तर मूळ सापडले.

केवळ दूरस्थ संगणकावर, तेही पूर्ण पडदा वापरणाऱ्या संपादकातच गोंधळ होत असेल, तर ‘टर्म’ या चलाचे मूल्य तपासावे. त्या नावाची नोंद तेथील ‘टर्मइन्फो’ संग्रहात नसल्यास तात्पुरते ‘एक्सटर्म’ हे मूल्य द्यावे. ते बहुधा पुरते.

देवनागरीचा प्रश्न

मराठी मजकुराच्या बाबतीत दोन भिन्न दोषांची गल्लत होते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘मराठी’ या शब्दाचे पाच संकेतांक व पंधरा बाइट होतात. टर्मिनल जुन्या युरोपीय चिन्हसंचावर असेल तर प्रत्येक बाइटचे स्वतंत्र चिन्ह उमटते आणि दर तिसऱ्या जागी तेच ते स्वरचिन्हांकित रोमन अक्षर दिसते. कारण देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाचा पहिला बाइट २२४ असतो. ‘लोकेल’ आज्ञेने मांडणी पाहावी व शेल आणि टर्मिनल दोन्ही यूटीएफ-८ वर आणावीत.

दुसरा दोष मात्र मांडणी बदलून जात नाही. टर्मिनलचा पडदा समान घरांत विभागलेला असतो. ‘क्षि’ या एका अक्षराचे संकेतांक चार : क, हलन्त, ष व ऱ्हस्व वेलांटी. हलन्ताला घर नाही. वेलांटीला घर द्यावे की नाही, याबाबत टर्मिनल व शेल यांची गणना जुळेलच असे नाही. मग कर्सर एका जागी दिसतो व खोडले जाते भलतेच अक्षर. येथे ‘रीसेट’ व्यर्थ आहे, कारण कोणाचीही स्मृती चुकलेली नसते. दोघांचे मोजमापच वेगळे असते. तोवर मराठी नावांच्या फाइली हाताळताना टॅब कळीने नाव पूर्ण करून घ्यावे, आणि ‘आरएम’ने काही पुसण्यापूर्वी तीच नावे ‘एलएस’ने एकदा पाहावीत.