खिडकीखालचा दिवाण

चाळीस वर्षं पत्र्याच्या खोलीत काढलेल्या एका आजींच्या नव्या घरी आम्ही वंदनेला गेलो होतो. एसआरएची इमारत, अकरावा मजला, 300 चौरस फूट. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर लागली होती, खीर वाटून झाली होती, आणि आजी आम्हाला कौतुकाने घर दाखवत होत्या. घरात नळ, घरात संडास, आणि ही खिडकी. "पंखा लावायची गरजच पडत नाही बघा," म्हणत त्यांनी काच सरकवली. वारा आत आला. खिडकीला लागून दिवाण होता, दिवाणावर लोड होता, आणि लोडावर चढलेला त्यांचा अडीच वर्षांचा नातू. खालून बापाची गाडी वाजली असावी. कोणाला काही कळायच्या आत पोरगं खिडकीच्या कट्ट्यावर पोट टेकून खाली वाकलं आणि "पप्पा!" म्हणून ओरडलं. आमच्यातल्या एकीने त्याच्या कमरेला हात घातला म्हणून बरं. सगळे हसले. "लई आगाव आहे," आजी म्हणाल्या.

आम्हाला हसू आलं नाही. आम्ही चौघी. तिघींनी जनरल नर्सिंगचा डिप्लोमा केलेला, वॉर्डात वर्षं काढलेली. चौथी अंगणवाडी सेविका. वरून पडलेलं मूल कॅज्युअल्टीत येतं तेव्हा काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. त्यातली एक रात्र आम्ही विसरू शकत नाही, आणि ती मुलापेक्षा त्याच्या आईमुळे.

चौथ्या मजल्यावरून पडलेली दोन वर्षांची मुलगी होती. डॉक्टर तिच्याभोवती होते. आई दाराशी भिंतीला टेकून उभी, हाताला कणीक तशीच. आमच्यातली एक केसपेपर घेऊन तिच्याकडे गेली आणि पहिला प्रश्न विचारला, "तू कुठे होतीस?" आईने हात पुढे केले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. उत्तर त्या हातांवरच होतं. ती घरातच होती. दहा बाय बाराच्या खोलीत, मुलीपासून पाच पावलांवर, पोळ्या करत होती. तो प्रश्न त्या रात्री पोलिसांनी विचारला, सासूने विचारला, नवऱ्याने विचारला. पण पहिल्यांदा आम्ही विचारला होता. खिडकीला गज होते का, हे कोणीच विचारलं नाही.

आज इतक्या वर्षांनी हे लिहितो आहोत, कारण आपली माणसं आता उंच चालली आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना 2025 च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात, तीन मजल्यांच्या चाळीतून चाळीस मजल्यांच्या इमारतीत. झोपडपट्ट्यांच्या जागी एसआरएच्या इमारती तर केव्हापासून उभ्या राहत आहेत. घर मिळालं याचा आनंद आम्हालाही आहे. त्यासाठी किती मोर्चे निघाले ते आम्ही जाणतो. पण झोपडीत मूल दारातून बाहेर पडलं तर गल्लीत पडायचं, गुडघा फुटायचा. चाळीच्या खिडकीला लोखंडी गज असायचे, त्यांना धरून पोरं तासन्‌तास उभी राहायची. खिडकीत मूल उभं राहिलं तर काळजी करावी, अशी सवयच आपल्या बायकांना नाही. आणि नव्या इमारतीत बिल्डर देतो ती ॲल्युमिनियमची सरकती काच, एका बोटाने सरकणारी. ग्रिल ज्याने त्याने आपल्या पैशाने लावायचं. राहायला आल्यावर आधी रंग होतो, मग फर्निचर, मग टीव्ही. ग्रिल "पुढच्या बोनसला".

मधल्या काळात मूल चालायला लागतं, आणि चालण्याच्या मागोमाग चढायला शिकतं.

एकदा टेप घेऊन बघा. खिडकीचा कट्टा जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असतो. दोन वर्षांचं मूल पावणेतीन फुटांच्या आसपास. जमिनीवर उभं असेल तर त्याला बाहेरचं दिसतही नाही. आता खिडकीखाली दीड फुटाचा दिवाण ठेवा. दिवाणावर उभ्या मुलाला तोच कट्टा दीड फुटावर येतो, म्हणजे त्याच्या बेंबीपाशी. लोड ठेवला की त्याच्याही खाली. लहान मुलाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं; जन्मतः तर लांबीचा चौथा हिस्सा डोकंच असतं. बेंबी कट्ट्याच्या वर गेली आणि डोकं बाहेर झुकलं की मूल तोलाने पुढे जातं. त्याला उडी मारायची नसते, धक्का लागलेला नसतो. हाताने स्वतःला मागे ओढण्याएवढं बळ त्याच्यात नसतं, आणि खोली म्हणजे काय हे त्याला कळत नसतं. "तिकडे जाऊ नको" असं दहादा सांगितलेलं असतं. दोन वर्षांच्या मुलाला ते सांगणं म्हणजे पावसाला सांगणं.

मग दिवाण खिडकीखाली ठेवतातच कशाला, असं कोणी विचारेल. ठेवायला दुसरी जागा कुठे आहे? एक भिंत ओट्याने खाल्ली, एक कपाटाने, एका भिंतीत दार. खिडकीखालची भिंत तेवढी मोकळी, म्हणून तिथे दिवाण, तिथे चपलांचं कपाट, तिथे पाण्याचं पिंप. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी शिलाई मशीन खिडकीला लावली आहे, कारण उजेड तिथेच येतो आणि त्या पीसवर काम करतात. त्यांना "मशीन हलवा" म्हणणं सोपं आहे. आम्ही मशीन हलवायला सांगितलं नाही, स्टूल हलवायला सांगितलं. उठल्या की स्टूल उलटं करून मशीनखाली सरकवायचं. एवढं त्यांना जमलं. दिवाण मात्र जिथे हलवता येईल तिथे हलवाच. जमत नसेल तर लोड आणि उशा तरी खिडकीकडच्या बाजूला नकोत.

ग्रिलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ग्रिल लावलेल्या घरांतही आम्ही घोळ पाहिले. वेल्डरकडे गेलात की तो नक्षी दाखवतो, फुलं, चौकटी. आडव्या पट्ट्यांची नक्षी घेऊ नका. आडवी पट्टी म्हणजे मुलासाठी शिडी. गज उभे हवेत, आणि दोन गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी हवी. जिथून डोकं जातं तिथून अंग जातं, हे लक्षात ठेवा. ग्रिल भिंतीत बोल्ट मारून बसवायचं. ॲल्युमिनियमच्या चौकटीला स्क्रूने अडकवलेलं ग्रिल दोन पोरांनी लोंबकळून हलवलं की निघतं. आणि एक भाग आतून उघडणारा ठेवायचा, कडी-कुलपाचा. आग लागली तर अग्निशमनचा माणूस तिथूनच येणार आहे, आणि तुम्हीही तिथूनच जाणार आहात. त्याची किल्ली जवळच्या खिळ्याला, मोठ्यांचा हात पोचेल आणि मुलाचा पोचणार नाही अशा उंचीवर. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती कुठे आहे ते माहीत हवं.

बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलची आपल्याकडे फार हौस. घर दोन फूट वाढल्यासारखं वाटतं. तिथे कुंड्या येतात, मग जुनी बादली, मग कांदे-बटाट्यांची टोपली, आणि शेवटी खेळायला मूल. ते ग्रिल मुलाला बसवायला केलेलं नसतं. खालचा पत्रा कुंड्यांच्या पाण्याने गंजतो, आणि गंज वरून दिसत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा सांधे तपासून घ्या. मच्छरांची जाळी आणि कबुतरांची नायलॉन जाळी, या दोन्हींवर मात्र अजिबात भरवसा ठेवू नका. पहिली मच्छर अडवते, दुसरी कबुतर. मूल टेकलं की मच्छरजाळी चौकटीसकट बाहेर जाते. जाळी नसती तर आईने काच तरी लावली असती. जाळी आहे म्हणून ती निर्धास्त राहते.

ग्रिलचे पैसे जमेपर्यंत काय? सरकत्या काचेच्या खालच्या खाचेत लाकडाची पट्टी कापून बसवा, अशी की काच चार इंचांपलीकडे सरकणारच नाही. सुताराकडच्या टाकाऊ तुकड्यातून होते. पट्टी घट्ट बसायला हवी आणि मुलाच्या बोटांनी निघता कामा नये. वारा कमी येतो हे खरं, उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. काच वरच्या बाजूनेही उघडत असेल तर वरची उघडा.

दिवसाच्या कोणत्या वेळी जपायचं तेही सांगतो. संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला, जेव्हा आई ओट्याशी आणि बाप खाली गाडी लावत असतो. खालून बापाने हाक मारू नये आणि आईने मुलाला खिडकीत उभं करून "पप्पा आले बघ" म्हणू नये. आम्हाला ठाऊक आहे, यात किती आनंद असतो. पण एकदा खिडकीत उभं करून दाखवलं की ती जागा मुलाच्या लक्षात राहते, आणि दुसऱ्या दिवशी ते आपणहून चढतं. संक्रांतीला पतंग, गणपतीत ढोल, आणि 14 एप्रिलला आपली मिरवणूक. त्या दिवशी प्रत्येक खिडकीत पाच-पाच पोरं एकमेकांच्या पाठीवर असतात, आणि घरातले मोठे सगळे खाली.

आमच्या एका मैत्रिणीने विचारलं, "हे सगळं बाईनेच करायचं का? ग्रिलचं काम बिल्डरचं नाही?" प्रश्न बरोबर आहे, आणि जगात त्याचं उत्तर एका शहराने दिलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या जुन्या इमारतींतून उन्हाळ्यात मुलं पडायची. गरिबांची घरं, एसी नाही, खिडक्या उघड्या. 1972 साली तिथल्या आरोग्य खात्याने मोहीम काढली. तिचं नाव मराठीत सांगायचं तर "मुलांना उडता येत नाही". मूल पडलं की रुग्णालयाने आणि पोलिसांनी खात्याला कळवायचं, मग नर्स त्या घरी जायची. कार्यकर्ते दारोदार फिरले आणि मुलं असलेल्या घरांना ग्रिल फुकट वाटली. ब्रॉन्क्स या गरीब भागात 1973 ते 1975 या दोन वर्षांत पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. त्यानंतर 1976 मध्ये नियमच झाला, दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल तर खिडकीला ग्रिल लावून देण्याची जबाबदारी घरमालकाची. तिथल्या आया काही एकाएकी जास्त सावध झाल्या नव्हत्या. खिडक्या बदलल्या होत्या.

म्हणून आमचं म्हणणं असं, की पुनर्विकासाच्या करारावर सह्या करताना पार्किंग आणि कॉर्पस फंडाबरोबर खिडकीचं ग्रिल लिहून घ्या. ताबा घेण्याआधी, नंतर नाही. जिथे ताबा मिळालाय तिथे सोसायटीच्या सभेत विषय काढा. एका सोसायटीत आम्हाला सांगण्यात आलं की ग्रिलने इमारतीचं "एलिव्हेशन" बिघडतं. ठीक आहे, काचेच्या आतल्या बाजूने लावू, बाहेरून दिसणार नाही. आणि सगळ्यांनी मिळून एकाच वेल्डरला काम दिलं तर प्रत्येकाला ते स्वस्त पडतं. जिन्याच्या आणि लॉबीच्या खिडक्या विसरू नका. पोरं खेळतात तिथेच, आणि त्या कोणाच्याच नसतात.

आता जे बोलू नये वाटतं ते. एवढं करूनही मूल पडलं तर त्याला झटकन उचलून छातीशी धरू नका. मान आणि पाठ वाकता कामा नये. 108 ला फोन करा. श्वास चालू आहे ना बघा, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा, तोंडात पाणी घालू नका. हलवावंच लागलं तर दोघा-तिघांनी मिळून, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून, सपाट फळीवर. मूल रडत उठलं, "काही झालं नाही" असं वाटलं, तरी रुग्णालयात न्या. उलट्या, गुंगी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली मोठी एक लहान, ही डोक्याच्या आतल्या माराची लक्षणं काही तासांनीही दिसतात. आणि डॉक्टरांना खरी उंची सांगा. पोलीस केस होईल या भीतीने "जिन्यावरून पडला" म्हणणारे आम्ही पाहिले आहेत. डॉक्टर मग जिन्याचा मार शोधत बसतात, आणि पोटातला रक्तस्राव उशिरा कळतो. केसपेपरवर नोंद होते ती होऊ द्या.

त्या आजींच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. दिवाण समोरच्या भिंतीला गेला होता, तसबिरींच्या खाली, आणि टीव्ही आता खिडकीच्या बाजूला आला होता, त्यामुळे दुपारी पडदा चकाकतो अशी आजोबांची तक्रार होती. खाचेत पट्टी होती. आजींनी शेजारच्या तीन घरांत जाऊन विचारलं होतं. दोघं तयार, तिसरे मुलाचा पगार झाल्यावर. वेल्डर रविवारी माप घ्यायला येणार आहे. "सोळा खिडक्या धरून भाव विचारलाय मी," आजी म्हणाल्या. आम्ही मोजल्या तर चार घरांच्या मिळून बाराच भरल्या. उरलेल्या चार जिन्याच्या होत्या.