टीव्हीवर हिशोबाचा शेवटचा रकाना का कापला गेला, अन् तो कसा आणायचा



मागच्या बैठकीत काय झालं ते हजर असलेल्यांना ठाऊकच आहे. समितीचा वर्षाचा हिशोब पहिल्यांदाच कम्प्युटर टीव्हीला जोडून दाखवला. नाव दिसलं, किती किलो मासळी दिली ते दिसलं, भाव दिसला. पण उजव्या टोकाचा 'बाकी देणे' हा रकाना टीव्हीवर आलाच नाही. मागं बसलेल्या एका काकांनी विचारलं, "बाकी कुठं लपवली जी?" लोक हसले, पण सगळे नाही हसले. ज्याचे मासळीचे पैसे थांबले आहेत त्याला अशा वेळी हसू येत नाही, अन् त्यात त्याची काही चूक नाही. हिशोबात घोळ नव्हता. टीव्हीनं चित्राच्या कडा कापल्या होत्या.

कापल्या कशाला? जुने डब्बा टीव्ही आठवा. त्यांच्या काचेच्या नळीत चित्र कडेला नीट बसत नसे, वाकडं व्हायचं, व्होल्टेज कमी-जास्त झालं की लहान-मोठं व्हायचं. म्हणून कंपन्या चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीमागं दडवत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सिनेमा-मालिकेत कडेला महत्त्वाचं काही नसतं, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. आता टीव्ही चपटे झाले, कडा दडवायची गरज उरली नाही, पण खूप टीव्हीत ही सवय तशीच राहिली आहे. कम्प्युटरच्या चित्रात मात्र कडेलाच सगळं असतं. ओळख सोपी आहे : टीव्हीवर खालची पट्टी अन् कोपऱ्यातलं घड्याळ पूर्ण दिसत नसेल, तर चित्र कापलं जात आहे.

इलाज टीव्हीच्या रिमोटमध्येच आहे. मेनूत 'पिक्चर', त्यात 'पिक्चर साइज' किंवा 'आस्पेक्ट रेशो'. तिथं एलजीच्या टीव्हीवर 'जस्ट स्कॅन', सॅमसंगवर 'स्क्रीन फिट', सोनीच्या बऱ्याच टीव्हीवर 'फुल पिक्सेल' असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या कंपन्यांत 'डॉट बाय डॉट' किंवा 'ओव्हरस्कॅन ऑफ' मिळेल. 'झूम' असेल तर ते आधी काढा. काही टीव्हीत त्या खाचेचं नाव बदलून 'पीसी' केलं की कडा आपोआप येतात अन् अक्षरंही साफ होतात. यातलं काहीच नसेल तरच कम्प्युटरच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन चित्र थोडं लहान करायचं. पण ते शेवटी, कारण त्यानं अक्षरं जराशी पुसट होतात.

आता जोडणी. लॅपटॉपला अन् टीव्हीला दोन्हीकडे चपटी एचडीएमआय खाच असेल तर एकच तार पुरते, चित्र अन् आवाज दोन्ही तिच्यातूनच जातात. जुन्या डेस्कटॉपला बहुतेक निळी, 15 पिनांची व्हीजीए खाच असते. टीव्हीला तशीच खाच असेल तर सरळ जोडा, पण व्हीजीएतून आवाज जात नाही, त्याची तार वेगळी लागते. टीव्हीला व्हीजीए नसेल तर कन्व्हर्टर घ्यावा लागेल. इथं लोक फसतात. 'व्हीजीए ते एचडीएमआय' अन् 'एचडीएमआय ते व्हीजीए' या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत, उलटी लावली तर चालत नाही. दुकानात नीट सांगा की कम्प्युटरला व्हीजीए आहे अन् टीव्हीला एचडीएमआय.

दोन्ही यंत्रं बंद करून, हात कोरडे करून तार लावा. पावसाळ्यात वीज कडाडत असेल तर कम्प्युटर-टीव्ही जोडूच नका, अन् डिशची तार टीव्हीतून काढून ठेवा. घरात अर्थिंग नसेल तर तार खुपसताना हाताला झिणझिण्या येतात, कधी खाचच जळते. तेव्हा अर्थिंग आधी करून घ्या.

मग टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून ज्या खाचेत तार लावली तिचाच नंबर निवडा. कम्प्युटरवर विंडोजचं बटण धरून 'पी' दाबा, चार पर्याय येतात. 'डुप्लिकेट'मध्ये दोन्हीकडे तेच चित्र दिसतं. 'एक्स्टेंड' चुकून दाबलं तर टीव्हीवर नुसता मोकळा फोटो दिसतो अन् माणूस घाबरतो की तार खराब आहे. खराब काही नसतं. बैठकीसाठी 'सेकंड स्क्रीन ओन्ली' सगळ्यात बरं, कारण मग चित्र टीव्हीच्या मापाचं बनतं. 'डिस्प्ले सेटिंग'मध्ये ज्या आकड्यापुढं 'रेकमेंडेड' लिहिलं असेल तोच ठेवा. 32 इंची साध्या टीव्हीचं माप बहुधा 1366 बाय 768 असतं, फुल एचडीचं 1920 बाय 1080. अक्षरं बारीक दिसली तर हा आकडा बदलू नका, त्याच्याजवळचं 'स्केल' 150 टक्के करा. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर खालच्या स्पीकरच्या चिन्हावर दाबून टीव्हीचं नाव निवडा.

रंगाचंही सांगतो, कारण त्याचा संबंध आपल्या मासळीशी आहे. हिवाळ्यात मासोळीच्या अंगावर लाल चट्टे अन् फोड येतात, त्याचे व्हिडिओ आपण पाहतो. टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वर असेल तर धडधाकट रोहूही लालभडक दिसते अन् घरचे उगीच घाबरतात. 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' ठेवा. शार्पनेस खाली आणा, तो जास्त असला की अक्षरांभोवती पांढरी किनार येते. पडताळा पाहायचा तर आपल्याच मोबाईलनं काढलेला ताज्या मासळीचा फोटो टीव्हीवर लावा अन् परातीतली मासोळी शेजारी धरा. बायकांना हे लवकर जमतं, रोज बाजारात त्याच ताजी-शिळी ओळखतात.

16 जून ते 15 ऑगस्ट नदीची मासेमारी बंद असते, डोंगे काठावर असतात. त्या दिवसांत घरी एकदा जोडून पाहा. भीमगड धरणातून वैनगंगेत पाणी सोडल्याची बातमी अन् हवामान खात्याचा नकाशा मोठ्या पडद्यावर पूर्ण दिसला तर घरातले म्हातारेही वाचतील. नकाशाचा कोपरा कापला गेला तर रंगांचा अर्थ सांगणारी पट्टीच दिसत नाही, म्हणून तिथंही आधी कडा तपासा.

येत्या बैठकीत हिशोब लावण्याआधी आम्ही पानाच्या चारही कोपऱ्यांत 1, 2, 3, 4 असे आकडे टाकणार. चारही दिसले तरच पुढं जायचं. एखादा दिसला नाही तर मागं बसणाऱ्यांनी तिथंच थांबवायचं. छापलेला कागदही दाराजवळ राहील, आपली बाकी त्यावर जुळवून घ्या.