जुनी स्टेशन वॅगन आडवाटेसाठीं कशी तयार करावी

पक्की सडक सोडल्यानंतर शेतापर्यंतचा जो शेवटचा मैल-दोन मैल राहतो, तोच बहुतेक शेतकऱ्यांच्या मोटारीस जड जातो. सडकेवर निर्धास्त धांवणारी गाडी पाणंदीच्या तोंडाशीं थांबते आणि पुढें खताचें पोतें डोक्यावर घ्यावें लागतें. चारही चाकांनीं ओढणारी नवी उंच गाडी घेण्याची ऐपत सर्वांचीच नसते. घरीं मात्र एखादी जुनी, लांब पाठीची मोटार असते, आणि तिलाच जरा उंच करून, मोठे टायर घालून आडवाटेस लावावी असें मनांत येतें. हा विचार चुकीचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु तो ज्या क्रमानें अमलांत आणतात तो क्रम बहुधा उलटा असतो, आणि त्यापायीं घरची एकुलती एक गाडी निकामी होते. या प्रकारचे प्रयोग अमेरिका व आस्ट्रेलिया या देशांत सुबारू नांवाच्या जपानी स्टेशन वॅगनवर फार मोठ्या प्रमाणावर झाले आहेत. म्हणून त्याच गाडीच्या उदाहरणानें हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्टेशन वॅगन म्हणजे साध्या मोटारीचेंच छप्पर मागच्या टोंकापर्यंत सरळ नेऊन, मागें दार ठेवून, माणसें व माल या दोहोंची सोय केलेली गाडी. जुन्या जीपचा सांगाडा निराळा व त्यावर अंग निराळें असतें. या गाडींत अंग आणि सांगाडा एकच. सुबारूच्या कारखान्यानें चारही चाकांनीं ओढणारी अशी वॅगन १९७२ सालीं विक्रीस काढली. तिचा उगम ईशान्य जपानांतील एका वीज पुरविणाऱ्या कंपनीच्या गरजेंत होता. हिवाळ्यांत बर्फांतून डोंगरावरील तारांची देखभाल करणाऱ्या माणसांस जीपपेक्षां उबदार व कमी धक्के देणारें वाहन पाहिजे होतें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत याच घराण्यांतील लेगसी वॅगन उंच करून 'आउटबॅक' या नांवानें अमेरिकेंत विकली गेली. २००० ते २००४ या सालांतील आउटबॅकचें पोट जमिनीपासून ७.३ इंच, म्हणजे सुमारें १८५ मिलिमीटर उंच असून पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर १०४.३ इंच आहे. पुढील विवेचनांत आम्हीं हीच गाडी धरली आहे. आपल्याकडे या घराण्यांतील फॉरेस्टर ही गाडी चालू शतकाच्या पहिल्या दशकांत शेव्हरोले या नांवाखालीं थोडीबहुत विकली गेली. तथापि खालील बऱ्याच गोष्टी कोणत्याही साध्या मोटारीस लागू पडतील.

अशा गाडीकडून अपेक्षा किती करावी, हें आधीं ठरवावें. अमेरिकेच्या वनखात्याकडे सुमारें पावणेचार लाख मैलांचे रस्ते आहेत व त्यांच्या निगेच्या पांच पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीचे रस्ते वाहनांस बंद असतात. दुसऱ्या पायरीच्या रस्त्यावर उंच पोटाची गाडीच जावी असा संकेत आहे. तिसरीपासून पुढें साधी मोटार चालते. सुधारलेल्या वॅगनचें क्षेत्र ही दुसरी पायरी होय. पावसानें कापलेल्या चाकोऱ्या, सुटे दगड, उथळ ओहोळ, एवढें तिनें पार करावें. खडकाच्या पायऱ्या चढणें हें तिचें काम नव्हे, आणि तें तिच्याकडून करवून घेण्याच्या हौसेंतच पुष्कळ गाड्या गेल्या.

पहिला पैसा दुरुस्तीवर खर्च करावा. वीस-पंचवीस वर्षांची गाडी सडकेवर आपली दुखणीं झांकून ठेवते. आडवाटेवर तीं सर्व एकाच दिवशीं उघडीं पडतात. या वॅगनचें अडीच लिटरचें इंजिन हेड गॅस्केट गळण्याविषयीं प्रसिद्धच आहे. तेव्हां पाणी कमी होतें काय, इंजिनाच्या खालच्या कडेस तेल-पाण्याचे ओघळ आहेत काय, हें पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. टायमिंग बेल्ट १,०५,००० मैलांस बदलावा असा कारखान्याचा दंडक होता. तो तुटल्यास व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच खर्ची पडतें. एक्सलच्या सांध्यांवरील रबरी बूट फाटलेले असले तर आंत माती शिरून सांधा थोड्याच दिवसांत वाजूं लागतो. बुशें, बॉल जॉइंट, ब्रेकच्या नळ्या आणि तळाचा गंज हेंहि पाहून घ्यावें. हा खर्च डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून तो टाळला जातो; पण गंजलेल्या तळावर नवे उंचवटे बसविणें म्हणजे वाळवी लागलेल्या खांबावर माडी चढविणें होय.

त्यानंतर टायर. या गाडीचा मूळ टायर २२५/६० आर १६ या मापाचा असून त्याचा व्यास सुमारें ६७६ मिलिमीटर भरतो. त्याऐवजीं २१५/७० आर १६ घातल्यास व्यास ७०७ होतो, म्हणजे गाडी सुमारें १५ मिलिमीटर उंच होते, कारण वाढलेल्या व्यासाचा अर्धाच भाग पोटाखालीं येतो. उंचीपेक्षांहि मोठा लाभ असा कीं टायरची बाजू उंच झाल्यानें ती दगडावर दबते व धक्का गिळते. आडवाटेवर हवा ३२ पौंडांवरून वीस-बावीसपर्यंत उतरविली तर पकड पुष्कळ वाढते. मात्र सडकेवर येण्यापूर्वीं ती पुन्हा भरली पाहिजे, आणि त्यासाठीं लहान पंप गाडींत असला पाहिजे. चारही टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले असावेत. हें केवळ टापटिपीसाठीं नव्हे. पुढचीं व मागचीं चाकें सतत जोडलेलीं असल्यामुळें व्यासांत फरक पडला कीं मधली जोडणी सारखी घासत राहते, तापते व निकामी होते. याच कारणास्तव जादा चाकहि पूर्ण मापाचेंच ठेवावें. कारखान्यानें दिलेलें बारीक चाक आडवाटेच्या कामाचें नाहीं.

आपल्या काळ्या जमिनींत मात्र कसलीहि नक्षी फार उपयोगीं पडत नाहीं. चिकण चिखल खांचांत भरला कीं टायर गुळगुळीत होतो आणि चाक व पत्रा यांच्यामध्यें माती दडपून बसते. वाफसा आल्यावांचून आपण औत घालीत नाहीं; गाडीहि घालूं नये.

तिसरा पैसा पोटाच्या संरक्षणावर. या इंजिनाचे सिलिंडर आडवे असल्यामुळें धुराच्या नळ्या इंजिनाखालून जातात व दगड प्रथम त्यांस आणि तेलाच्या चेंबरला लागतो. मूळचा प्लास्टिकचा पडदा फक्त पाणी अडवितो. त्याच्या जागीं पावणेपांच मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा किंवा तीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा बसवितात. तो मुख्य आडव्या तुळईस पकडलेला असावा व तेल काढण्यास भोंक असावें. हें आम्ही एवढें आग्रहानें लिहितों त्यास कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या मोटारीचें चेंबर शेताच्या बांधावरील दगडास लागून चिरलें. आवाज झाला तो आम्हीं मनावर घेतला नाहीं, तेलाचा दिवा उन्हांत दिसला नाहीं, आणि पाव मैलावर इंजिन धरलें. गाडी बैल जोडून घरीं आणावी लागली. त्या काळीं पत्र्यास जो खर्च आला असता त्याच्या कितीतरी पट इंजिनास लागला.

आतां उंचीकडे येऊं. बहुतेक लोक येथूनच आरंभ करितात. या गाडीची स्प्रिंग व शॉक ॲबसॉर्बर एकाच खांबांत असतात. खांबाचें वरचें टोंक व गाडीचें अंग यांमध्यें ठोकळा घातला कीं गाडी तेवढी वर उचलली जाते. काम एका दिवसाचें व स्वस्त. परंतु इंजिन, गिअरपेटी व मागील डिफरन्शियल हीं अंगाबरोबर वर जातात, आणि चाकें जमिनीवरच राहतात. त्यांस जोडणारे एक्सल पूर्वीपेक्षां अधिक तिरपे होतात. गाडीचें एक चाक खड्ड्यावर लोंबकळलें असतां हा तिरपेपणा सर्वांत अधिक होतो, आणि त्याच वेळीं चालक जोर देतो. सांधा तुटतो तो असा.

दोन इंचांपर्यंतची वाढ बऱ्याच गाड्यांनीं सोसली आहे. त्याहून अधिक पाहिजे असल्यास इंजिनाखालची तुळई, गिअरपेटीचा आधार व मागची चौकट हीं सर्व त्याच प्रमाणांत ठोकळे घालून खालीं आणावीं लागतात. तसें केलें म्हणजे एक्सलचा कोन वांचतो, पण डिफरन्शियल पुन्हा जमिनीजवळ येतें, आणि स्टीअरिंगचा दांडा ताणला जातो तो निराळाच. उंची वाढवावयाची ती पोटासाठीं. पोट खालींच ओढावें लागत असेल तर खर्च कशासाठीं केला? दोन इंचांवर थांबावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तेवढ्यानेंहि लाभ कमी नाहीं: बांधाच्या माथ्यावर पोट टेकण्यापूर्वीं गाडी जो कोन ओलांडूं शकते तो ठोकळ हिशेबानें १६ अंशांवरून २० अंशांवर जातो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. वर ठोकळा घातल्यानें मोठ्या टायरला जागा होते, असें समजतात. पत्र्याशीं जागा होते हें खरें. पण स्प्रिंगची खालची बशी चाकाबरोबरच हालते, त्यामुळें टायर व बशी यांतील अंतर तसूभरहि वाढत नाहीं. टायर रुंद घेतला तर तो तेथेंच घासतो. म्हणून उंच व अरुंद टायर घ्यावा.

या वॅगनची खरी मर्यादा मात्र उंचींत नसून गिअरांत आहे. अमेरिकेंत विकलेल्या या गाडीस जीपसारखा मंद गतीचा दुसरा दांडा नाहीं. आस्ट्रेलियांतील हातगिअरच्या कांहीं गाड्यांस तो होता, पण त्यानेंहि गति दीडपटीहून कमीच घटते. पहिल्या गिअरांत इंजिनाचे सुमारें १४ फेरे झाले म्हणजे चाकाचा एक होतो. महायुद्धांतील जीपला मंद गतींत त्यासाठीं सुमारें २६ फेरे लागत. इंजिन मिनिटास हजार फेरे फिरत असतां जीप ताशीं सव्वापांच किलोमीटर चाले, तर ही वॅगन नऊ किलोमीटर चालते. म्हणजे जेथें बैलगाडीच्या चालीनें जावयास पाहिजे तेथें ही गाडी तिच्या दुपटीहून अधिक वेगानें जाऊं पाहते. मग चालक क्लच अर्धवट दाबून ठेवतो, आणि क्लच जळल्याचा वास येतो. टायर मोठा केल्यानें हा दोष वाढतो: ७३३ मिलिमीटर व्यासाचा २३५/७५ आर १५ हा टायर लोकप्रिय आहे, परंतु त्यानें गति आणखी आठ टक्के वाढते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींत क्लच जळण्याची भीति नाहीं. तेथें तेल तापतें, म्हणून तेल थंड करणारी जादा जाळी बसवितात. चढ उभा असला तर माल उतरवून दोन खेपा कराव्या, हा स्वस्त उपाय कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.

सुक्या गवताविषयींहि सावध राहिलें पाहिजे. धुराच्या नळींतील शुद्धियंत्र चालत्या गाडींत अतिशय तापतें. काड किंवा वाळलेलें गवत पत्र्याच्या मागें अडकलें, अथवा गाडी उंच गवतांत उभी केली, तर आग लागते. पत्रा बसविल्यानंतर त्यावर सांचलेला कचरा प्रत्येक खेपेनंतर काढावा, आणि गंजीजवळ गाडी कधींहि उभी करूं नये.

आपल्या देशांत कायद्याचाहि विचार केला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें, त्यांतील अपवाद सोडल्यास, नोंदणींतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. अपघात झाल्यास विमा कंपनीहि हाच प्रश्न विचारते. दुरुस्ती व पोटाखालचा पत्रा यांबद्दल सहसा अडचण येत नाहीं. उंची व टायरचें माप बदलण्यापूर्वीं मात्र परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें.

काम पुरें झाल्यावर गाडी जॅकवर घेऊन चाकें पूर्ण लोंबूं द्यावीं आणि ब्रेकच्या रबरी नळ्या व चाकाजवळच्या तारा ताणल्या जात नाहींत ना, हें हातानें चांचपून पाहावें. चाकांची दिशा यंत्रावर जुळवून घ्यावी. पहिल्या दोन-तीनशें किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा. ओढून काढण्याचा कडा पुढें व मागें थेट सांगाड्यास पकडलेला असावा. गाडींत मजबूत पट्टा, फावडें, आणि जॅकखालीं ठेवण्यास फूटभर लांबीची जाड फळी असावी. पहिली खेप रिकाम्या गाडीनें, कोरड्या दिवशीं, ओळखीच्या पाणंदीनें करावी, व एका माणसास पुढें पायीं चालवून दगड दाखवावयास सांगावें.