सहभागाची प्रयोगकला : माणसामाणसांतील अंतर

नाताळच्या नाटिका बसविण्याचा अनुभव आपणांपैकी बहुतेकांस आहे. त्यांत मंच वर असतो व मंडळी खाली बसलेली असते. ज्या कलाप्रकाराविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, त्यात हा भेद राहत नाही. पाश्चात्त्य जगात त्यास परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. आम्ही प्रयोगकला हा शब्द वापरू. तीत पात्र नसते, संहिता नसते. कलावंत एक साधा नियम घालून देतो आणि आलेला माणूस त्या नियमात शिरतो. त्या वेळी दोघांमध्ये जे घडते, तीच कलाकृती होय.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. मरीना अब्रामोविच ही बेलग्रेड येथे जन्मलेली कलावती २०१० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जवळजवळ तीन महिने रोज एका खुर्चीवर निःशब्द बसली. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर कोणीही बसावे, वाटेल तितका वेळ तिच्या डोळ्यांत पाहावे व उठून जावे, एवढाच नियम होता. प्रारंभी दोघांमध्ये एक मेज होते. पुढे तिने तेही काढून टाकले. कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने दिले काय? एक खुर्ची, आणि आपला वेळ.

परंतु याच कलावतीचा १९७४ सालचा नेपल्स येथील प्रयोग ज्यास ठाऊक नाही, त्याने या कलेस हात घालू नये असे आम्हांस वाटते. तेथे तिने मेजावर बहात्तर वस्तू मांडल्या. त्यांत गुलाब व मध होते, तसेच सुरी, पिस्तूल व एक गोळीही होती. सहा तासांत लोकांनी माझ्यावर यांचा हवा तसा उपयोग करावा, असा नियम होता. आरंभीचा संकोच ओसरला. मग लोकांनी तिचे कपडे कापले, तिला जखमा केल्या, पिस्तूलही तिच्यावर रोखले गेले. वेळ संपताच ती चालू लागली, तेव्हा जमाव पांगला. लोकांस एकत्र आणले की प्रेम आपोआप उपजते, ही समजूत भाबडी आहे. काय घडू शकेल हे पुष्कळसे नियमावर अवलंबून असते.

दूर जाण्याचेही कारण नाही. आषाढी पौर्णिमेस पंढरपुराजवळ गोपाळपुरास वारकऱ्यांचा काला होतो. लाह्या व दही एकत्र कालवून लोक एकमेकांच्या मुखी घास घालतात. कोणाच्या हातचे खावे याविषयी इतका कडक विचार करणाऱ्या समाजात हा लहान घास नव्हे. तरीही त्याच पंढरपुरात विठ्ठलमंदिराचे दार दलितांस बंद होते. ते उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींस उपोषण करावे लागले. काला खरा होता आणि बंद दारही खरे होते. सहभागाच्या कोणत्याही प्रयोगास म्हणूनच पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की येथे कोण येऊ शकत नाही? आपल्या पवित्र गुरुवारच्या पादप्रक्षालनातही रोमन विधीनुसार फक्त पुरुषांचेच पाय धुतले जात. स्त्रियांस त्यात अधिकृत स्थान मिळावयास २०१६ साल उजाडले.

आता बुऱ्हाणपुरात असा प्रयोग कसा रचावा, हे पाहू. या गावास पाण्याची मोठी स्मृती आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत कालव्याने जोडलेल्या कुंड्यांतून केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणले गेले. तोच धागा धरून पाण्याचा एक लोटा हातातून हातात देत माणसांची ओळ करावी. प्रत्येकाने शेजाऱ्याकडून लोटा घ्यावा, एक घोट प्यावा, शेजाऱ्याचे नाव विचारावे व लोटा पुढे द्यावा. येथे एक बारकावा आहे. ओंजळीत वरून पाणी ओतण्याची रीत पुष्कळांस सोयीची वाटेल. पण स्पर्श टाळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली रीत हीच. म्हणून लोटाच हाती द्यावयाचा. पाणी अर्थात पिण्यायोग्य असावे, थेट तापीतून भरू नये.

नियम मराठी, हिंदी व उर्दूत लिहून लावावा. या गावच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तेव्हा अनेक लिप्या येथे नव्या नव्हेत. यंत्रमागावरील कामगारांस पाळीमुळे दिवसा येता येत नसेल, तर वेळ रात्रीची ठेवावी.

धर्मगुरूने ओळीच्या आरंभी उभे राहू नये. त्याचा झगा पाहून लोक लोटा घेतील, पण तो आदराने किंवा भिडेने घेतील, आणि ज्यास नाही म्हणता येत नाही त्याच्या हो म्हणण्यास अर्थ उरत नाही. त्याने साध्या वेषात मध्येच कोठेतरी उभे राहावे. ध्वनिक्षेपक नको, छायाचित्रे नकोत, शेवटी प्रवचन तर नकोच. एखाद्याने हात मागे घेतल्यास कोणी त्याची समजूत घालीत बसू नये. ओळ जेथे तुटेल ती जागा आयोजकांनी आपली माणसे उभी करून भरू नये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच ठिकाणी पुन्हा लोटा ठेवावा, म्हणजे आदल्या दिवशी दूर राहिलेल्यास यावेसे वाटले तर त्यास वाट मोकळी असेल.