अंगणात गरम पाण्याचा हौद : जागा कुठली?

डिसेंबरात सकाळी हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर गरम पाण्याच्या एका बादलीसाठी रांग लागते. अशाच एका रांगेत कुणीतरी म्हणालं, "शिकून घरी गेलो की अंगणात गरम पाण्याचा हौदच बांधतो, गळ्यापर्यंत बुडून बसायला!" सिनेमात दिसतो तो हॉट टब म्हणजे दुसरं काय? आपल्या मराठवाड्यातही किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेतच. पण मित्रांनो, झऱ्याची जागा निसर्ग ठरवतो. हौदाची आपल्याला ठरवावी लागते, आणि ती चुकली तर हौदाबरोबर घरालाही तडे जातात.

समजा, घर पुसेगावचं आहे. (सेवागिरी महाराजांचं साताऱ्याकडचं नव्हे, हिंगोली जिल्ह्यातलं!) हौद आतून 1.2 मीटर लांब, तितकाच रुंद, पाणी 70 सेंटिमीटर. म्हणजे साधारण 1000 लिटर, वजन एक टन.

गच्चीवर ठेवू का?

सगळ्यांना आधी हेच सुचतं. हिशोब करा. 70 सेंटिमीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला 700 किलो. आय.एस. 875 प्रमाणे वावराच्या गच्चीचा लाइव्ह लोड धरतात साधारण 150 किलो. म्हणजे साडेचार पटीहून जास्त, आणि त्यात हौदाचं नि माणसांचं वजन धरलेलंच नाही. "मग पाण्याची टाकी कशी चालते?" ती नीट बसवली असेल तर कॉलम-बीमवर असते, स्लॅबच्या मधोमध नव्हे. तेव्हा गच्ची बाद.

भिंतीला लागून?

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हौदातलं पाणी सांडणार, कधी गळणारही. एकाच बाजूची माती ओली राहिली की ती बाजू उचलली जाते आणि पायाला हिसका बसतो. म्हणून घरापासून दोन-तीन मीटर तरी लांब जा. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा, मुरमाचे थर धुमसून भरा, वर काँक्रीट. हौदाभोवतीच्या फरशीला उतार द्या, पण घराच्या उलट दिशेला.

ऊन आणि वारा

1000 लिटर पाणी 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला 20,000 किलोकॅलरी लागतात, म्हणजे सुमारे 23 युनिट वीज. दोन किलोवॅटचा हीटर जवळजवळ बारा तास चालवावा लागेल! सोलरचं 60 अंशांचं पाणी असेल तर 500 लिटर गरम, 500 लिटर गार. त्यामुळे हौद सोलरच्या किंवा बंबाच्या जवळ हवा. लांब पाइपात उष्णता वाया जाते.

खरा चोर मात्र वारा. एक लिटर पाण्याची वाफ झाली की हौद अर्ध्या अंशाहून जास्त गार होतो. थंडीत आपल्याकडे वारा बहुधा ईशान्येकडून, पूर्वेकडून येतो आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरात बारा फूट उंच घराची भरदुपारची सावली उत्तरेला अकरा फूट पडते. म्हणजे उत्तर बाजूला ऊनच नाही. घराच्या दक्षिणेला किंवा नैऋत्येला मात्र वाऱ्याला घराची आड मिळते नि ऊनही मिळतं. जमेल तर तिथेच हौद घ्या. वर झाकण हवंच. वाफ अडते आणि लहान पोरं पडत नाहीत. लिंबाखाली नको, रोज पानं काढत बसाल. विजेच्या तारेखाली तर मुळीच नको.

पाणी कुठे जाणार?

1000 लिटर म्हणजे 20 लिटरच्या पन्नास बादल्या. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ही चैन शोभत नाही. म्हणून हौद थंडीतच भरावा, विहिरीला पाणी असताना. साबण न लावता बसावं आणि ते पाणी दुसऱ्या दिवशी उताराने केळी-पपईला सोडावं. जागा निवडताना परसबाग खालच्या अंगाला आहे ना, हेही बघा. पाणी 40 अंशांच्या वर नको. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

थोडक्यात : खाली मुरूम, पाठीशी घर, समोर ऊन, उताराला बाग. आणि शेवटचं, जागा पक्की करण्याआधी आईला विचारा. वाळवण कुठे घालायचं हे तिने आधीच ठरवलेलं असतं!